खोलीचा खर्ज

डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवलं की त्याचा सूर एका जागी थांबत नाही. खालून निघतो आणि न तुटता वर चढतो. ठेक्याला जिवंतपणा येतो तो या मींडीमुळे. आता तोच डग्गा अगदी जवळून माइक लावून ध्वनिमुद्रित करा आणि दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये, चांगल्यापैकी महाग स्पीकरवर ऐका. मींड सलग राहिलेली नसते. एका टप्प्यावर ती अंगावर येते, पुढे विरते, पुन्हा उसळते. वादकाने तसं वाजवलेलं नसतं आणि माइकनेही तसं टिपलेलं नसतं. खुर्ची दोन फूट मागे घेतली की उसळी भलत्याच सुरावर जाते. म्हणजे दोष स्पीकरच्याही पलीकडे कुठेतरी आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात घरगुती स्टुडिओ गल्लोगल्ली झाले. कोथरूडच्या सोसायटीत, डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये, नाशिक-कोल्हापूरच्या बंगल्यांच्या वरच्या खोलीत एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि टेबलावर दोन स्पीकर दिसतात. गणपतीची गाणी, अभंग, एकांकिकांचं पार्श्वसंगीत, पॉडकास्ट, लघुपट, जाहिराती यांतलं बरंच काम आज अशा खोल्यांमधून बाहेर पडतं. ही फार चांगली गोष्ट आहे. पूर्वी ताडदेव किंवा महालक्ष्मीच्या स्टुडिओत तासावर पैसे मोजल्याशिवाय जे शिकता येत नसे, ते आता रात्री जेवण झाल्यावर घरात शिकता येतं. पण या सगळ्यांची तक्रार एकच असते, आणि ती खर्जाची. घरी बरोबर वाटलेलं गाणं गाडीत लावलं की एक तर नुसतं घुमतं, नाही तर त्याच्या पायाखालची जमीन गेल्यासारखं पोकळ वाजतं. मग मॉनिटरबद्दल, म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरबद्दल, प्रश्न येतो, ‘कुठले मॉनिटर घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न खोलीचा.

खोलीचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकं सोपं आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. एवढ्या अंतरात ज्या लाटेचा बरोबर अर्धा भाग मावतो, ती लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के देत राहिलं की झोका वाढत जातो, तसा तेवढाच एक सूर खोलीत फुगत जातो. बारा फुटांसाठी हा सूर ४७ हर्ट्झचा. दहा फुटांच्या रुंदीसाठी ५७ हर्ट्झ. साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ६०. दशांश धरून त्यांच्या दुपटी ९४, ११३ आणि ११९. आपल्या नव्या इमारतींतल्या हजारो बेडरूमना ही आकडेमोड थोड्याफार फरकाने लागू पडते.

अशा अडकलेल्या लाटेचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. भिंतीपाशी ती सगळ्यात जोरात ऐकू येते. खोलीच्या बरोबर मध्यावर पहिली लाट जवळपास शून्य होते आणि नेमकी तिथेच तिची दुप्पट शिगेला पोचते. आता टेबल कुठे असतं ते आठवा. भिंतीला टेबल, त्यावर स्पीकर, समोर खुर्ची. ऐकणाऱ्याचं डोकं समोरच्या भिंतीपासून साधारण पाच-सहा फुटांवर येतं, म्हणजे लांबीच्या मध्याजवळ. डावी-उजवीकडे तर तो मुद्दामच मध्यावर बसलेला असतो. कानाची उंचीही जमीन आणि छत यांच्या मध्याच्या आसपासच असते. तिन्ही दिशांनी ४७, ५७ आणि ६० त्याच्यापुरते पुसले जातात. ९४, ११३ आणि ११९ मात्र तिप्पट उत्साहाने अंगावर येतात.

किक ड्रमचा मुख्य ठोका बहुधा पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास असतो. डग्ग्याचा घुमारा त्याच्या वरच्या पट्ट्यात फिरतो. डग्ग्यागणिक, चढवण्यागणिक तो बदलतो, पण मींड घेताना ९४ ते ११९ हा पट्टा त्याच्या वाटेत सहसा येतोच. म्हणून या खोलीत बसलेल्या माणसाला किक दुबळी आणि डग्गा दांडगा ऐकू येतो. तो मन लावून, कानावर विश्वास ठेवून किक वाढवतो आणि डग्गा कमी करतो. सकाळी गाडीत सगळं उलटं निघतं. किकने दरवाजे थरथरतात आणि डग्गा कुठे गेला ते कळत नाही. त्याच्या कानात काही खोट नव्हती. त्याला जे ऐकवलं गेलं, त्यावर त्याने दिलेला निर्णय बरोबरच होता.

तीन मापं जितकी एकमेकांजवळ, तितकं संकट मोठं. दहा बाय दहाची खोली आणि छतही दहा फुटांवर असेल तर ५७ हर्ट्झ तिन्ही दिशांनी एकाच ठिकाणी साचतो. जागा निवडायची मुभा असेल तर चौरस खोली टाळावी. लुडविग सेपमायर या ध्वनितज्ज्ञाने १९६५ मध्ये मांडलेलं एक प्रमाण अजून वापरात आहे. उंची १ धरली तर रुंदी १.१४ आणि लांबी १.३९. साडेनऊ फूट उंचीला हे साधारण पावणेअकरा बाय सव्वातेरा होतं. दोन बेडरूमपैकी कोणती घ्यायची हे ठरवताना फीत घेऊन मोजलं, तर पुढचे बरेच कष्ट वाचतात.

यात आपल्या घरांची आणखी एक अडचण आहे, आणि इंटरनेटवरचे सल्ले तिच्याबद्दल बोलत नाहीत. अमेरिकेतली बरीचशी घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली असतात. ते पत्रे खर्जाबरोबर स्वतः थरथरतात. काही आवाज पचवतात, काही बाहेर सोडून देतात. आपल्याकडे आरसीसीचे खांब, सहा किंवा नऊ इंची विटांच्या भिंती, वर-खाली स्लॅब आणि पायाखाली व्हिट्रिफाइड टाइल. खर्जाला बाहेर पडायला दार-खिडकीशिवाय वाट नाही, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आपण तीही घट्ट लावून घेतो. तिकडच्या खोलीत खर्ज शोषणारे दोन ट्रॅप लावून जे काम होतं त्याला इथे चार-सहा लागतात, असं धरूनच चालावं. कोकणातल्या कौलारू घराच्या माजघरात मात्र उलटा अनुभव येतो. कौलांच्या फटींतून खर्ज निघून जातो आणि तबला मोकळा वाजतो. पावसाळ्यात तिथे ध्वनिमुद्रण करता येत नाही, ही वेगळी गोष्ट.

एवढं कळल्यावर मॉनिटरकडे वळू. या क्षेत्रातली सगळ्यात बोलकी कथा यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरची आहे. तो १९७८ मध्ये बाजारात आला तो घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी. त्या गिऱ्हाइकांनी त्याला फारसं जवळ केलं नाही. खर्ज कमी आणि मधला भाग टोचणारा, असा त्याचा लौकिक झाला. पण काही वर्षांत अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंगच्या टेबलावर तो दिसू लागला. बॉब क्लियरमाउंटन यांच्यासारख्या मिक्सरचं नाव या प्रसाराशी जोडलं जातं. ट्विटरचा कर्कशपणा झाकायला लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवत. पुढे यामाहाने स्टुडिओसाठी त्याची खास आवृत्ती काढली, आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, कारण त्याच्या पांढऱ्या शंकूसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाला. त्याआधी तो जगभरच्या स्टुडिओंमधल्या सर्वांत परिचित वस्तूंपैकी एक झाला होता.

असं का झालं, याचं उत्तर शोधायला फिलिप नेवेल, कीथ हॉलंड आणि ज्युलियस नेवेल यांनी तीसहून अधिक मॉनिटरची मोजमापं एकत्र तपासली. त्यांचा निबंध २००१ चाच. त्यांना दिसलं की एनएस-१० मध्ये खर्ज भरपूर नाही, पण जेवढा आहे तेवढा वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर थांबतो. त्याची पेटी पूर्ण बंद आहे. ठोका संपला की शंकू थांबतो. मागे रेंगाळणारा, पुढच्या ठोक्यावर चढणारा आवाज फार कमी. मिक्स करणाऱ्याला डग्ग्याचा ठोका कुठे संपतो आणि बास गिटारचा स्वर कुठे सुरू होतो हे ऐकू आलं, तर दोघांना जागा करून देता येते. नुसता भरपूर खर्ज त्याला हे सांगत नाही. मॉनिटर निवडण्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बहुतेक सगळं या कथेत आलं. छोट्या खोलीत कमी पण नेमका खर्ज देणारा स्पीकर, जास्त पण सैल खर्ज देणाऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा.

दुकानात नेमका उलटा आग्रह होतो. लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा, ‘दादा, आठ इंची घ्या, बास एकदम भारी’ हे वाक्य ऐकू येणारच. विकणाऱ्याचा त्यात दोष नाही, कारण दुकानात जो जोरात वाजतो तोच खपतो. पण आठ इंची वूफर दहा बाय बारामध्ये नेला की तो ४७ आणि ५७ हर्ट्झच्या सापळ्यांना पोटभर खाऊ घालतो. पाच इंची वूफर तिथवर पोचतो तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो, आणि अशा खोलीत हाच त्याचा गुण. साडेसहा-सात इंचीपर्यंत जायचं तर खोलीवर आधी काम झालेलं हवं.

खोक्यावरचे आकडे वाचताना एक गोम लक्षात ठेवावी. यामाहाच्याच एचएस-५ चं उदाहरण घेऊ. त्याची खालची मर्यादा ५४ हर्ट्झ लिहिलेली दिसते, पण ती आवाज १० डेसिबलने पडतो त्या ठिकाणची आहे. ३ डेसिबलने पडतो ते ठिकाण ७४ हर्ट्झ. एचएस-८ चे हेच आकडे ३८ आणि ४७. यामाहा दोन्ही आकडे देते म्हणून हे कळतं. काही कंपन्या एकच आकडा छापतात आणि तो कुठल्या हिशेबाने काढला ते सांगत नाहीत. असे दोन स्पीकर शेजारी ठेवून आकड्यांवरून तुलना करणं व्यर्थ आहे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पेटीचं भोक. आजचे बहुतेक स्वस्त मॉनिटर भोकाचे असतात. भोकामुळे लहान पेटीतून मोठा खर्ज निघतो, पण त्या सुरांपाशी आवाज थोडा रेंगाळतो, आणि त्याखाली तो बंद पेटीपेक्षा दुप्पट वेगाने कोसळतो. भोक मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून एक वीतभर तरी अंतर हवं. बंद पेटीचे मॉनिटर कमी मिळतात. मिळाले तर लहान खोलीसाठी त्यांचा आधी विचार करावा. पाठीमागचे छोटे स्विचही दुर्लक्षू नयेत. एचएस मालिकेत ‘रूम कंट्रोल’ नावाचा स्विच ५०० हर्ट्झच्या खालचा भाग २ किंवा ४ डेसिबलने कमी करतो. स्पीकर भिंतीजवळ ठेवावा लागतो त्यांच्यासाठी तो आहे, आणि बहुतेकांकडे तो वर्षानुवर्षं शून्यावर पडून असतो.

मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बोटाने चाचपून पाहावी. वूफरच्या कडेची पट्टी रबराची आहे की फोमची. दमट हवेत फोम काही वर्षांत पिठासारखा झडतो आणि शंकू पेटीला घासू लागतो. जुने स्पीकर घेताना ही तपासणी आधी करावी. रबर पुष्कळ टिकतं.

ऐकून पाहायला जाताना स्वतःच्या ओळखीचं संगीत घेऊन जावं, आणि ते आपल्या कामाच्या जातीचं असावं. अभंग करणाऱ्याने इंग्रजी पॉप ऐकून स्पीकर निवडण्यात अर्थ नाही. उत्तम ध्वनिमुद्रित पखवाज, एकट्या आवाजातली बैठक, ढोलकीवरची लावणी आणि एखादं भरगच्च चित्रपटगीत एवढं पुरतं. अजय-अतुल यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झालेला मोठा वाद्यवृंद आहे आणि हलगीच्या जातीचा ठेकाही आहे. डबल बास आणि चामड्याचं वाद्य वेगवेगळी ऐकू येतात का, हे त्यावर चटकन कळतं. आवाज फार वाढवू नये. हळू वाजतानाही जो स्पीकर शब्द, ठेका आणि खर्ज सुटे दाखवतो, तो घ्यावा.

घरी आणल्यावर जागा. स्पीकर लहान भिंतीला, तोंड खोलीच्या लांबीकडे, डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्विटर कानाच्या उंचीला. हे सगळे सांगतात. भिंतीपासूनच्या अंतराबद्दल मात्र कमी बोललं जातं. खर्ज स्पीकरच्या पुढेच जात नाही, मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजाला येऊन मिळतो. स्पीकरचा पुढचा पृष्ठभाग भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर ९६ हर्ट्झला हा परतीचा आवाज नेमका उलटा येतो आणि मूळ आवाज खाऊन टाकतो. ४० सेंटिमीटरवर असेल तर हा खड्डा २१५ हर्ट्झकडे सरकतो. तिथे तो चार इंची शोषकाने बुजवता येतो, ९६ ला येत नाही. म्हणून लहान खोलीत स्पीकर अर्धवट पुढे ओढून ठेवण्यापेक्षा भिंतीजवळ नेऊन मागचा स्विच वापरलेला बरा. बसायची जागा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, असा एक ठोकताळा आहे. बारा फुटांत तो साडेचार फुटांच्या आसपास येतो. तिथून सुरुवात करावी आणि एकेक वीत पुढेमागे सरकून ऐकावं. खर्जातला जेवढा फरक फुकटात, नुसती खुर्ची हलवून पडतो, तेवढा पैसे खर्चूनही कधी कधी पडत नाही.

आता भिंतींकडे. अंड्यांचे ट्रे अजूनही चिकटवलेले दिसतात, त्यांचा खर्जावर काडीचा परिणाम नाही. त्यांच्या जागी आलेल्या एक इंची काळ्या फोमच्या टाइल दिसायला बऱ्या, पण त्या वरच्या, साधारण हजार हर्ट्झच्या पुढच्या आवाजावरच नीट काम करतात. चारही भिंतींना त्या लावल्या की टाळ, झांज आणि शब्दांची स्पष्टता मरते आणि खर्ज तसाच राहतो. खोली आधीपेक्षा जास्त घुमल्यासारखी वाटते. या टाइलवर लोकांचा खर्च झालेला पाहून मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच पैशांत खरं काम होऊ शकलं असतं.

खर्ज शोषायला जाडी लागते. ९४ हर्ट्झची लाट सुमारे पावणेचार मीटर लांब असते. तिला पकडायचं तर शोषक जाड हवा आणि भिंतीपासून थोडा सुटा हवा. दोन्ही गोष्टी कोपऱ्यात आपोआप जमतात. तिथे लाटांचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि पॅनेल तिरकं उभं केलं की मागे हवेची पोकळी मिळते. कारखान्यांच्या आणि एसीच्या डक्टच्या इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे रॉकवूलचे ५० मिलिमीटरचे स्लॅब मिळतात. घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचे दोन स्लॅब एकावर एक ठेवले की चार इंच होतात. सुताराकडून पाइनच्या पट्ट्यांची चौकट करून घ्यावी. पाठीमागे प्लायवुड ठोकू नये, तिकडूनही आवाज आत जायला हवा. वर मांजरपाट ताणावा. तोंडाने फुंकर मारली तर आरपार जाईल असं कोणतंही कापड चालतं, रेक्झिन चालत नाही. रॉकवूलचे तंतू अंगाला खाजतात आणि श्वासातून जाऊ नयेत, म्हणून काम करताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि कापडाखाली पातळ नॉनवोव्हनचं अस्तर. चारही उभे कोपरे जमिनीपासून छतापर्यंत, आणि मग ऐकणाऱ्याच्या पाठीमागची भिंत, तिथे सहा-आठ इंचांपर्यंत. पैसे संपले तर इथे थांबावं, पण याच्याआधी थांबू नये. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला काहीही चिकटवू नका. एका पावसाळ्यात मागे बुरशी धरते.

भाड्याच्या घरात ज्यांना खिळाही मारता येत नाही, त्यांच्यासाठी आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या असलेली वस्तू आहे, कापसाची गादी. गुंडाळून, दोरीने बांधून कोपऱ्यात उभ्या केलेल्या दोन जाड गाद्या रॉकवूलइतकं काम करत नाहीत, पण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या वर त्यांचा परिणाम ऐकू येतो. पलंग पाठीमागच्या भिंतीला, त्यावर रचलेल्या गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, यांतलं काहीही वाया जात नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे सगळं खोलीच्या आतल्या आवाजासाठी आहे. यातल्या कशानेही शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडत नाही. त्यासाठी वजनदार, सुट्या, दुहेरी भिंती लागतात आणि तो वेगळ्याच खर्चाचा विषय आहे.

कानाने अंदाज येतो, पण खर्जाच्या बाबतीत मोजून पाहणं अनिवार्य आहे. जॉन मलकाही यांचं ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजमापाचा माइक महाग नसतो, चार मित्रांत मिळून एक घेता येतो. माइक कानाच्या जागी ठेवायचा, वीस हर्ट्झपासून वर चढत जाणारा सूर वाजवायचा, आणि आलेख पाहायचा. पहिल्यांदा आलेख पाहणाऱ्याला धक्का बसतो, कारण उपचार नसलेल्या खोलीत पंधरा-वीस डेसिबलचे डोंगर आणि दऱ्या सामान्य आहेत. आपल्या फीतपट्टीच्या गणितातले सूर त्यांत बहुधा सापडतातच. पण उंची-खोलीपेक्षा मी दुसऱ्या आलेखाकडे आधी पाहायला सांगेन. प्रत्येक सूर थांबल्यावर किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा, पायऱ्यांनी खाली उतरणारा आलेख. द्रुत लयीत डग्ग्याचे ठोके एकमेकांवर का चढतात, ते त्यात डोळ्यांना दिसतं. ट्रॅप लावल्यावर पहिली सुधारणाही तिथेच दिसते.

मोजल्यावर मोह होतो तो ईक्यूने सगळं सपाट करण्याचा. खोली दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरही हेच करतात. डोंगर थोडा कापणं ठीक आहे, एका खुर्चीपुरता त्याचा फायदा मिळतो. दरी भरायला जाऊ नये. जिथे दोन लाटा एकमेकींना खातात तिथे जितका आवाज ओताल तितकाच खाल्ला जाईल. दहा डेसिबल वाढवायचे म्हणजे अॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची. स्पीकर जळेल, दरी तिथेच राहील. तिला खुर्ची सरकवणं किंवा जाड शोषक हाच उपाय. सबवूफरचंही तसंच. उपचार न केलेल्या खोलीत तो पहिली खरेदी कधीच असू नये.

आवाजाची पातळी हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाचा कान खर्ज फार कमी ऐकतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हजार हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर असताना ६३ हर्ट्झचा सूर तितकाच मोठा वाटायला त्याहून सुमारे ३३ डेसिबल जास्त लागतात. हजारचा सूर ८० वर नेला की हा फरक १८ च्या आसपास उतरतो. आता रात्री अकरानंतर, घरातली माणसं झोपल्यावर, कुजबुजीच्या पातळीवर मिक्स करणाऱ्याचं काय होत असेल पाहा. त्याचा कान खर्ज मागतच राहतो आणि तो घालतच राहतो. खर्जाचे निर्णय दिवसा, एका ठरलेल्या पातळीवर घ्यावेत. लहान खोलीसाठी ७६ डेसिबलच्या जवळची पातळी धरतात. इंटरफेसच्या बटणावर तिथे एक खूण करून ठेवावी आणि रात्रीचा वेळ संपादन, सूर-ताल जुळवणी यांसाठी ठेवावा.

शेजाऱ्याशी वाद होतो तेव्हाही दोघं खरं बोलत असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मोजपट्टीवरची. ही मोजपट्टी ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा करते. त्या सुराचे ७० डेसिबल मीटरवर ४४ दिसतात. मीटर म्हणतो मर्यादेत आहे, आणि पलीकडच्या खोलीतल्या आजींचा पलंग थरथरत असतो. अशा वेळी मीटर दाखवू नये, पातळी उतरवावी.

मिक्स करताना सतत एक मंद घूं ऐकू येत असेल तर खोलीला दोष देण्याआधी वायरिंग पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची घरघर ५० आणि १०० वर येते, खोलीच्या सापळ्यांच्या अगदी शेजारी. जुन्या इमारतीत अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. बॅलन्स्ड केबल वापरल्या आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून, खऱ्या अर्थिंगसह चालवली की ती बहुधा जाते.

हे सगळं केल्यावरही दहा बाय बाराची खोली साठ हर्ट्झच्या खाली पूर्ण खरं बोलणार नाही. तेवढ्यासाठी चांगले हेडफोन हाताशी हवेत. त्यांना खोलीच नसते, त्यामुळे खड्डेही नसतात. छातीवर येणारा धक्का त्यांत कळत नाही, पण किक आणि बास गिटार एकमेकांवर चढतात का हे कळतं. आणि दुसऱ्या टोकाला एक अगदी लहान स्पीकर हवा. ब्रूस स्विडीन हे मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चे (१९८२) ध्वनिअभियंता, आणि ते जवळ मोठे मॉनिटर असतानाही ऑराटोन नावाच्या छोट्या चौकोनी स्पीकरवर भरपूर काम करत. त्यात खर्ज जवळजवळ नाहीच.

आपल्याकडे ही तपासणी आणखी गरजेची आहे, कारण आपले बहुतेक श्रोते गाणं फोनवर ऐकतात आणि फोनचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. तरीही फोनवर तानपुऱ्याचा खर्ज ऐकू येतो. काळी एकच्या पुरुषी पट्टीत खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. तो सूर फोन देऊ शकत नाही, पण जवारीमुळे त्याचे २०७, २७६ आणि वरचे स्वर इतके भरघोस येतात की कान मूळ सूर आपल्या आपण जोडून घेतो. शाईच्या थरांमुळे आपल्या तालवाद्यांत असे सुरेल स्वरांश उमटतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्येच ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. डग्ग्याकडे मात्र तानपुऱ्याइतकी श्रीमंती नाही. म्हणून मिक्समध्ये त्याची एक प्रत वेगळी काढून तिच्यात किंचित सॅच्युरेशन घालावं, तिचा दीडशे हर्ट्झच्या खालचा भाग कापावा आणि ती मूळ डग्ग्याखाली हलकेच मिसळावी. मोठ्या स्पीकरवर ती वेगळी जाणवू नये आणि फोनवर मींड वर चढताना ऐकू यावी, इतकीच तिची पातळी. ती ठरवताना मॉनिटर बंद ठेवून फोन टेबलावर ठेवावा.